गाडीसमोर उभं राहायचं नाही

दुपारी 12.30

डबा भरताना बायको एकच प्रश्न विचारते, "अहो, आज नाकाबंदी आहे का?" आहे म्हटलं की दोन चपात्या जास्त टाकते. "सांभाळून राहा" असं ती पूर्वी म्हणायची. आता म्हणत नाही. वाहतूक हवालदाराच्या बायकोने रोज ते म्हणायचं ठरवलं, तर दाराशी पाऊल अडखळायला लागेल.

नोकरीला 26 वर्षं झाली. 2011 च्या पावसाळ्यात एका रिक्षाचं मागचं चाक माझ्या डाव्या पायावरून गेलं होतं. मी कागद मागितले, त्याने "काढतो साहेब" म्हणत क्लच सोडला. बुटामुळे हाडं वाचली, दोन नखं गेली. घरी सांगितलं की चौकीच्या पायरीवरून घसरलो. चौकीतही तेच सांगितलं, कारण नोंद केली की जबाब, मग कोर्टाच्या तारखा, आणि तारखेला गेलं की साप्ताहिक सुट्टी बुडते. ही थाप मी आजवर कुणाकडे कबूल केलेली नाही.

नालासोपाऱ्याहून लोकल पकडतो. वर्दी पिशवीत, अंगावर साधे कपडे. गाडीत जागा मिळाली तर झोपून घेतो.

दुपारी 2.40

चौकीत हजेरी. पांढरा शर्ट, खाकी पँट, शिट्टी, ई-चलानचं मशीन, रिफ्लेक्टर जॅकेट. ड्युटी कागदावर 3 ते 11. आज त्यानंतर नाकाबंदी, म्हणजे घरी पहाट होणार.

साहेब रोजच्या सूचना देतात. हुज्जत घालायची नाही. गाडीची चावी काढायची नाही. खिडकीतून आत हात घालायचा नाही. गाडीसमोर उभं राहायचं नाही. सगळे "होय सर" म्हणतात. यातली शेवटची सूचना सगळ्यांत सोपी वाटते आणि सगळ्यांत आधी मोडते. आमच्याकडे गाडी अडवायला दुसरं काही नसतंच. हात, शिट्टी आणि स्वतःचं अंग. रस्त्यात पत्र्याचं बॅरिकेड ठेवलेलं असतं तिथे गाडी बॅरिकेडला बघून थांबते, आणि नसतं तिथे ती आम्हाला बघून थांबावी अशी अपेक्षा असते.

माझ्या जोडीला आज नवा शिपाई आहे. मराठवाड्यातला, सव्वीसेक वर्षांचा, भरतीचं धावणं अजून पायांत असलेला. मला दादा म्हणतो.

दुपारी 3.15

लिंक रोडचा पॉईंट. पोराला शिकवायचं तर इथूनच.

दुचाकी अडवायची असेल तर ती पन्नास पावलांवर असतानाच ठरवायचं. हात लांब करायचा, त्याची नजर आपल्याकडे वळते का बघायचं, आणि डावीकडे जागा मोकळी ठेवायची म्हणजे त्याला तिकडे घेता येतं. शेवटच्या क्षणी झाडामागून पुढे उडी मारायची नाही. हँडल धरायचं नाही. आमच्यातलेच काही जण हे करतात आणि मग पोरगं घसरून पडतं. हेल्मेट घातलं नाही म्हणून ज्याला अडवलं, त्याचंच डोकं आमच्यामुळे फुटलं तर आम्ही रस्त्यावर कशाला उभे आहोत? हे मी पोराला रागावून सांगितलं. सौम्यपणे सांगितलेलं दुसऱ्या दिवशी विसरलं जातं.

चारचाकीचं गणित वेगळं. आपल्याकडे स्टिअरिंग उजवीकडे. गाडी डाव्या कडेला घेतली की ड्रायव्हरची खिडकी वाहत्या रहदारीच्या बाजूला येते. त्या खिडकीशी वाकून लायसन्स बघणाऱ्या पोलिसाची पाठ मागून येणाऱ्या बस-डंपरकडे असते. ड्रायव्हरने काहीही करायची गरज नाही, मागच्या बसवाल्याने मोबाईलमध्ये एकदा डोकावलं तरी पुरतं. म्हणून मी डाव्या बाजूने जातो. फुटपाथच्या अंगाने, शेजारच्या सीटच्या खिडकीतून बोलतो. तिथून त्याचे दोन्ही हात दिसतात, मधे एक सीट राहते, आणि त्याने गाडी काढली तर ती माझ्यापासून लांब जाते. काही लोकांना हे अपमानाचं वाटतं. "इकडे या ना, साहेब, मी काय करणार आहे तुम्हाला?" असं हसून म्हणतात. मी येत नाही.

पोराने विचारलं, "दादा, सगळ्यांचाच संशय घ्यायचा का?" संशय माणसाचा घ्यायचा नाही, गाडीचा घ्यायचा. बाराशे किलोचा पत्रा आहे तो. आतला माणूस सज्जन असला तरी घाबरला की त्याचा पाय कुठे पडेल ते त्याला स्वतःलाही ठाऊक नसतं.

दुपारी 4.20

सोळा वर्षांचा मुलगा, आईची स्कूटर, डोक्यावर काही नाही. लायसन्स नसणारच. अल्पवयीनाने गाडी चालवली तर मोटार वाहन कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीनंतर पालकाला 25 हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, वर गाडीची नोंदणी वर्षभर रद्द. हे त्या मुलाला माहीत नव्हतं. सांगितल्यावर त्याचे ओठ थरथरले, आणि तो म्हणाला, "थांबा, भावाला बोलावतो."

हे वाक्य कानावर पडलं की मी सरकून भिंतीला पाठ लावतो. पोराला वाटलं, मी सावलीत गेलो.

23 ऑगस्ट 2016. खारमध्ये एस. व्ही. रोडवरच्या पेट्रोल पंपावर आमचे हवालदार विलास शिंदे यांनी असाच एक विनाहेल्मेट मुलगा अडवला होता. कागद मागितले. मुलाने मोठ्या भावाला बोलावून घेतलं. तिथे त्यांच्या डोक्यात दांडका बसला. आठ दिवस त्यांनी झुंज दिली आणि 31 ऑगस्टला ते गेले. वाई तालुक्यातलं शिरगाव हे त्यांचं गाव. त्या आठवड्यात आमच्यातला प्रत्येक जण आपापल्या पॉईंटवरचा पेट्रोल पंप नव्याने बघत होता. पाठलाग नव्हता, टोळी नव्हती, भरदुपार होती आणि आजूबाजूला माणसं होती. मी त्याआधी असे शंभर मुलगे अडवले असतील, आणि शंभरांपैकी निम्म्यांनी तरी कुणाला ना कुणाला फोन लावला होता.

आजचा भाऊ आला. कॉलेजातला, चष्मेवाला. त्याने आधी मुलाला झापलं, मग मला हात जोडले. मागोमाग तिसरा कुणीतरी मोबाईल समोर धरून शूटिंग करत आला आणि "कोणत्या कायद्याने अडवलंत?" असं ओरडायला लागला. दोन मिनिटांत वीस माणसं. गर्दीत धोका समोरच्याचा नसतो, तिसऱ्या रांगेतल्याचा असतो. त्याला मूळ भानगड काय ते माहीत नसतं, पण त्याच्याकडे आमच्याबद्दलचा जुना राग असतो.

तो राग कुठून येतो हे मला माहीत आहे, आणि त्याबद्दल लपवाछपवी करणार नाही. मुंबईत जानेवारी 2017 पासून ई-चलान आलं. त्याआधी पावतीपुस्तक होतं, रोख पैसे होते, आणि काही जणांनी पावती न फाडता पैसे खिशात घातले. ज्याच्याकडून शंभर रुपये असे उकळले गेले तो माणूस विसरलेला नाही. त्या हवालदाराची बदली झाली, तो निवृत्तही झाला असेल. त्याच्यावरचा राग आज पॉईंटवर उभ्या असलेल्या या पोरावर निघतो, ज्याने नोकरीत अजून एक रुपया हातात घेतलेला नाही.

स्कूटर जमा केली, मुलाला भावाबरोबर पाठवलं. शूटिंग करणारा शेवटपर्यंत शूटिंग करत होता. करू दे. माझी काही हरकत नाही. उलट बॉडी कॅमेरा अंगावर असतो त्या दिवशी मला दोन्ही बाजूंनी बरं वाटतं, समोरचाही आवाज खाली ठेवतो आणि मीही.

संध्याकाळी 6 ते 8

गर्दीची वेळ. या दोन तासांत कुणाला अडवायचं नसतं, फक्त सोडायचं असतं. धूर, हॉर्न, पोटऱ्यांत गोळे. पाणी बेतानेच पितो, कारण शौचालय चौकाच्या पलीकडे, एका हॉटेलवाल्याच्या मेहेरबानीवर आहे. आमच्या महिला शिपायांचे हाल याहून वाईट, आणि त्यावर कुणी बोललं की बैठकीत लगेच विषय बदलतो.

रात्री 8.35

काळ्या काचांची मोटार. काचेवर फिल्म लावायला सुप्रीम कोर्टाने 2012 मध्येच बंदी घातली, तरी रोज दिसतात. सिग्नल लाल, गाडी दुसऱ्या रांगेत. मी डाव्या बाजूने गेलो, काचेवर बोटाने टकटक केलं. काच दोन बोटं खाली आली. आतून गार हवा आली आणि एका बाईचा आवाज, "अरे, दे ना लायसन्स." तो काहीच बोलला नाही.

पोराला म्हटलं, नंबरचा फोटो घे. मागची नंबरप्लेट एका रिक्षाच्या तोंडाने झाकलेली होती. म्हणून तो फोटो घ्यायला पुढे गेला. मशीन छातीशी धरलं, डोळे मशीनच्या पडद्यावर, आणि बंपरपासून दोन फुटांवर उभा राहिला.

चूक माझी होती. फोटो घे म्हणालो, कुठून घे ते म्हणालो नाही. ई-चलानसाठी नंबर लागतो, नंबरसाठी फोटो, आणि फोटोसाठी माणूस नेमका त्याच जागी जाऊन उभा राहतो जिथे उभं राहायचं नाही म्हणून दुपारी बजावलेलं असतं. नजर पडद्यावर असली की गाडी हलल्याचं उशिरा कळतं.

सिग्नल सुटला. इंजिनचा आवाज वाढल्याचं मी तळहाताने ऐकलं, कारण माझा हात टपावर होता. मी पुढे झेप घेतली आणि पोराचं जॅकेट बगलेपाशी धरून ओढलं. त्याच्या वेल्क्रोचा चर्रकन आवाज झाला. पट्टी सुटून माझ्या मुठीत आली, पोरगा कोपरावर आपटला, मी खांद्यावर. मोटार त्याच्या बुटाला घासून गेली. मशीन रस्त्यावर पडलं, त्याच्या तोंडातून अर्धवट पावतीचा कागद बाहेर लोंबत होता.

तो उठला आणि धावायला लागला. गाडीच्या मागे! मी ओरडलो, "नंबर आहे! जाऊ दे!" दहा पावलांवर तो थांबला. मागे वळला तेव्हा त्याचा चेहरा पांढराफटक होता, आणि त्याने पहिलं काय केलं असेल तर मशीन उचलून पडदा फुटलाय का ते पाहिलं. मशीनची भरपाई आपल्याला करावी लागेल, असं त्याच्या मनात आलं होतं.

अर्धं पाऊल इकडेतिकडे झालं असतं तर तो बॉनेटवर असता. एप्रिल 2023 मध्ये नवी मुंबईत आमच्या एका वाहतूक पोलिसाला मोटारवाल्याने असंच बॉनेटवर घेऊन सुमारे 20 किलोमीटर नेलं. चालकाने नशा केल्याचा संशय होता. मुंबईत, पिंपरी-चिंचवडला, नागपुरात असे प्रकार झालेत. बातमीत लिहितात, पोलीस बॉनेटवर चढला. कुणी चढत नाही हो. गाडी गुडघ्यांना लागली की माणूस पुढे पडतो, पडताना हाताला येतो तो वायपर धरतो, आणि धरल्यावर सोडता येत नाही, कारण सोडलं की चाकाखाली. व्हिडिओ बघणाऱ्याला ते धाडस वाटतं. पकडून राहिलेल्या माणसाच्या बोटांना विचारा.

रात्री 9.10

पोरगा म्हणाला, "दादा, जाऊ द्या ना. लागलं कुठे? घरी कळलं तर आई गावाकडे बोलावून घेईल."

मला पायरीवरून घसरलेलं आठवलं.

त्याला घेऊन पोलीस ठाण्यात गेलो. साहेबांना फोन केला, ते म्हणाले, "आधी फिर्याद द्या, पॉईंटवर दुसरे पाठवतो." त्यांच्या या वाक्याचे मी मनापासून उपकार मानले.

ठाणे अंमलदार लिहायला बसले. सरकारी कर्मचाऱ्यावर कामात अडथळा आणण्यासाठी हल्ला किंवा बळाचा वापर, न्याय संहितेचं कलम 132. शिक्षा दोन वर्षांपर्यंत. जुन्या दंडसंहितेत हेच कलम 353 होतं आणि महाराष्ट्राने 2018 मध्ये दुरुस्ती करून त्याची शिक्षा पाच वर्षांपर्यंत नेली होती. 1 जुलै 2024 ला नवा कायदा आला आणि आपल्या राज्याची ती वाढ जुन्या कायद्याबरोबर गेली. जखम झाली असती तर वेगळं, वाढीव शिक्षेचं कलम लागलं असतं. म्हणजे पोरगा पूर्ण सापडला असता तर कलम मोठं. मला शिक्षेच्या आकड्याचं फार कौतुक नाही. ऍक्सिलरेटरवर पाय देणारा कलम आठवून पाय देत नाही. पण नोंद पाहिजे. आम्ही अशा अर्ध्या पावलाने हुकलेल्या गोष्टी घसरलो, आपटलो म्हणून मिटवून टाकतो, आणि मग वरच्यांच्या कागदावर आमचा चौक सुरक्षित दिसतो. तिथे दुसरा माणूस मिळत नाही, बॅरिकेड मिळत नाही.

"जखम?" अंमलदारांनी विचारलं.

"नाही," पोरगा म्हणाला.

"कोपर दाखव," मी म्हणालो. बाही वर केली तर साल निघालेली, रक्त वाळून कापडाला चिकटलेलं. मेडिकलचं पत्र घेतलं. जॅकेट आणि वेल्क्रोची पट्टी पंचनाम्यात दाखवली. अंमलदारांनी पट्टी दोन बोटांत धरून वर केली, ट्यूबलाईटकडे बघितली आणि म्हणाले, "एवढ्यावर वाचला?"

रात्री 11.45

पोराला घरी पाठवलं, मी नाकाबंदीला. वडापाव उभ्याउभ्या. डबा चौकीतच राहिला.

इथे निदान बॅरिकेड आहेत. आडवी-तिरपी लावलेली, म्हणजे गाडीला नागमोडी यावं लागतं आणि वेग आपोआप पडतो. बाजूची लेन बंद केलेली असते. पोलीस ठाण्याचे हत्यारी लोक कडेला. पण दारूची तपासणी डाव्या खिडकीतून होत नाही. मशीन ड्रायव्हरच्याच तोंडाशी न्यावं लागतं. त्याचा श्वास माझ्या तोंडावर येतो. मार्च 2020 मध्ये कोरोनामुळे ही फुंकायची तपासणी थांबवली होती, तेव्हा आमच्या लक्षात आलं की इतकी वर्षं आपण रोज रात्री किती जणांचा श्वास घेत होतो.

रक्तात 100 मिलिलिटरमागे 30 मिलिग्रॅमच्या वर अल्कोहोल म्हणजे गुन्हा. अटक केली तर दोन तासांच्या आत वैद्यकीय तपासणी व्हावी लागते, नाहीतर सोडावं लागतं. प्यालेल्या माणसालाही हे कुणीतरी सांगितलेलं असतं. मग तो वेळ काढतो. रडतो, भांडतो, गाडीतून उतरत नाही, मोठ्या नावांना फोन लावतो. आज एक जण पाऊण तास दार लॉक करून बसला. आम्ही काच फोडली नाही, ओढाताण केली नाही. एकाने त्याच्याशी क्रिकेटवर बोलायला सुरुवात केली, आणि बोलता बोलता तो उतरला. कुणी टाळ्या वाजवाव्यात असं काम नाही हे. पण त्या पाऊण तासात कुणाचं बोट मोडलं नाही, कुणाची कॉलर फाटली नाही.

रात्री 1.20

मोटारसायकलवर दोघं. बॅरिकेड बघून त्यांनी जागच्या जागी गाडी वळवली आणि उलट्या दिशेने सुटले. एक शिपाई बाईकला किक मारायला निघाला, मी नको म्हणालो. कदाचित ती गाडी चोरीची असेल, कदाचित साखळीचोर असतील. बहुतेक वेळा हेल्मेट नसलेली, घाबरलेली पोरंच असतात. उलट्या रस्त्याने पाठलाग केला तर पुढच्या वळणावर ती किंवा आमचा शिपाई. नंबर आणि वर्णन वायरलेसवर दिलं.

तरी मन खात राहतं. आम्ही ज्या धंद्यात आहोत त्यात नाकाबंदी म्हणजे काय याची एक मोठी खूण आहे. 26 नोव्हेंबर 2008 च्या रात्री गिरगाव चौपाटीला लावलेली नाकाबंदीच होती. स्कोडा मोटार बॅरिकेडच्या अलीकडे थांबली, वळायचा प्रयत्न केला. तुकाराम ओंबळे यांच्या हातात काठी होती. त्यांनी कसाबच्या एके-47 ची नळी दोन्ही हातांनी धरली, गोळ्या पोटात घेतल्या आणि बाकीच्यांना त्याला जिवंत पकडता आलं. जावळी तालुक्यातल्या केडंबे गावचे. मरणोत्तर अशोकचक्र मिळालं. गाडी थांबवण्याआधी आत कोण आहे ते कळत नाही, हे आम्ही त्या रात्रीनंतर कधी विसरलो नाही. पण रोजच्या पाचशे गाड्यांमध्ये प्रत्येकाकडे कसाब म्हणून बघितलं, तर एखाद्या कळवळणाऱ्या बापाने लायसन्स काढायला खिशात हात घातला तरी आमची काठी उठेल. या दोन्हींच्या मधे डोकं ठेवून उभं राहायचं असतं, रात्री दीड वाजता, अकरा तास पायांवर काढल्यावर.

पहाटे 2.50

बॅरिकेड ओढून कडेला. तपासलेली वाहनं, दारूच्या केसेस, जमा गाड्या. तक्त्याच्या शेवटी रकाना: जखमी अंमलदार. तिथे आम्ही नेहमी "निरंक" लिहितो, हात आपोआप तसा वळतो. आजही "नि" लिहून झाला होता. नाकाबंदीत कुणी जखमी नव्हतं, त्यामुळे निरंक बरोबरच होतं. तरी खाली कंसात लिहिलं, 8.35 ची घटना, गुन्हा दाखल, एक जखमी, उजवं कोपर.

मोबाईलवर पोराचा मेसेज. "आईला सांगितलं. खूप बोलली. उद्या येतो ड्युटीला."

चौकीत बाकड्यावर पाठ टेकली. खांदा ठणकत होता म्हणून झोप आली नाही. पहाटेच्या पहिल्या गाडीने निघालो. डब्यात फुलवाल्या बाया, दुधाचे रिकामे कॅन, आणि माझ्यासारखे रात्रपाळीचे दोघेतिघे.

सकाळी 6.10

बायकोने दार उघडलं. डबा हातात घेतला, जड लागला म्हणून झाकण उघडून बघितलं, मग माझ्याकडे. शर्ट काढताना उजवा हात वर जाईना. खांद्यावर हिरवंनिळं झालेलं तिने पाहिलं.

"कुठे आपटलात?"

तोंडावर पायरीच आली होती.

"बस जरा," मी म्हणालो. "सांगतो. 2011 चं पण सांगायचंय."